घरी उभ्या मोटरहोमचं मैलापाणी कुठे सोडायचं? (हद्दवाढ भाग, सोलापूर)

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली मोटरहोम आहे. वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत, ढाब्यावरचे नाहीतर पंपावरचे संडास त्यांना वापरता येत नाहीत. गाडीत कमोड आहे, हाताला धरायला दांडा आहे, त्यामुळे पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर त्यांना सुखानं करता येतं. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की हीच गाडी अंगणातली खोली होते.

अडचण परत आल्यावरची. गाडीखाली दोन टाक्या आहेत. एक संडासाची, ९० लिटरची. दुसरी बेसिन, सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची, ११० लिटरची. अमेरिकेत ठिकठिकाणी डंप स्टेशनं असतात, गाडी लावायची, पाईप जोडायचा, टाकी रिकामी करून निघायचं. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून घरीच पक्की सोय करायची आहे.

घर हद्दवाढ भागात, जुळे सोलापूरच्या बाजूला. आमच्या गल्लीत ड्रेनेज लाईन अजून आलेली नाही. मागच्या अंगणात सेप्टिक टँक आहे, समोर उघडी गटार. मिस्त्री म्हणाला, "आण्णा, रात्री पाईप टाकून गटारीत सोडा, कोण बघतंय?" ते मी करणार नाही. ती गटार पुढच्या चार घरांच्या दारातून जाते. संध्याकाळी पोरं तिथं क्रिकेट खेळतात, चेंडू गटारीत गेला की हात घालून काढतात आणि पँटला पुसून पुढचा बॉल टाकतात.

मग उरतं काय? धुण्याच्या दगडाजवळ गली ट्रॅप (मोरीच्या पाण्याचा जाळीवाला खड्डा) आहे, त्यात सोडावं? सेप्टिक टँकचं झाकण उघडून थेट सोडावं? की वेगळी लाईन टाकावी? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

सातरस्ता

आधी चार मापं घ्या, नाहीतर सगळे अंदाजानेच बोलतील. टाकीचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे? व्हॉल्व किती इंची? गाडी उभी राहते तिथून जवळचं चेंबर (लाईनवरचा तपासणीचा खड्डा) किती लांब? आणि चेंबर किती खोल?

कॅसेटवाला संडास असता तर प्रश्नच नव्हता. कॅसेट म्हणजे सुटी निघणारी टाकी, वीसेक लिटरच्या आतबाहेरची असते, हातानं उचलून घरच्या कमोडमध्ये ओतून फ्लश केलं की संपलं. ज्यांची गाडी अजून बांधून व्हायची आहे आणि वर्षातून थोड्याच फेऱ्या व्हायच्या आहेत त्यांनी कॅसेटचा विचार जरूर करावा. खणाखणी नाही, काही नाही.

भीमाकाठ

तोंड जमिनीपासून ३० सेंमी, व्हॉल्व तीन इंची. गाडी दक्षिणेकडच्या मोकळ्या पट्ट्यात उभी असते. तिथून सेप्टिक टँकच्या आधीचं चेंबर ९ मीटरवर, चेंबरचा तळ जमिनीखाली ६५ सेंमी. घरातल्या संडासाची लाईन त्याच चेंबरात येते. कॅसेट आमच्यासाठी नको. भरलेली कॅसेट उचलायची कुणी, हा प्रश्न आमच्या घरात येतोच.

खडी_मुरूम

मापं दिलीत ते बरं केलंत. मी बांधकामातला माणूस आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

गली ट्रॅप पहिल्यांदा बाद. बाथरूम आणि मोरीचं पाणी तिथं येतं, कारण ट्रॅपमधल्या पाण्यामुळे चेंबरचा वास घराकडे येत नाही. संडासाचा सोईल पाईप मात्र नेहमी थेट चेंबरात जातो, गली ट्रॅपमधून कधीच नाही. त्या ट्रॅपला वर जाळी असते, आत वळण असतं, घट्ट मैला तिथं अडकतो आणि धुण्याच्या दगडापाशी वर येतो. गाडीच्या सिंकचं पाणी तिथं सोडायला हरकत नाही, संडासाची टाकी नाही.

सेप्टिक टँकचं झाकण उघडून वरून ओतणंही बाद. टाकीत वर साय धरते, खाली गाळ बसतो, मधलं पाणी पुढे शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे, जातं. वरून ९० लिटरचा लोंढा पडला की तळचा गाळ ढवळून निघतो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात शिरतो. शोषखड्डा गाळानं बसला की तो साफ होत नाही, नवा खणावा लागतो. टाकीच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) बसवलेला असतो तो याचसाठी, येणारं पाणी सायीखाली शांतपणे उतरावं म्हणून. शिवाय दरवेळी झाकण उघडायची सवय वाईटच, त्यावर कुणीतरी लिहीलच.

तुमचं काम त्या चेंबरात होतं. गाडीच्या तोंडाजवळ जमिनीत ११० मिमीचा इनलेट घ्यायचा आणि तिथून चेंबरपर्यंत सरळ लाईन. पाईप एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी), टाईप बी. दुकानदार टाईप ए पुढे करतात कारण स्वस्त पडतो, पण तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला, म्हणजे टाकीतला वायू वर सोडणाऱ्या नळीला. टाईप बी ची भिंत ३.२ मिमी, ए ची २.२. मैल्याला बीच घ्या.

उतार ४० ला १. नऊ मीटरला साडेबावीस सेंमी. इनलेटकडे पाईपचा तळ ३५ सेंमी खाली ठेवला तर चेंबरात तो साडेसत्तावन्नला पोचेल, म्हणजे चेंबरच्या तळापेक्षा साडेसात सेंमी वर. अगदी बरोबर बसतं. कमी उतार दिला तर घाण पाईपातच बसते. मधे काटकोनी बेंड नको. वळायचंच असेल तर पंचेचाळीसचे दोन बेंड लावा आणि वळणावर सफाईचं तोंड ठेवा.

आता जमीन. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये बोटं जातील एवढ्या भेगा पडतात, आणि त्यातला पाईप वरखाली होऊन सांधे सुटतात. चरात पाईपखाली बारीक मुरूम किंवा वाळूचा थर द्या, दोन्ही कडांनी भरून घ्या. तुमचा पाईप वरून जेमतेम २४ सेंमी खाली येतो आणि त्यावर चार टनांच्या आसपासची गाडी उभी राहणार, म्हणून चाकं जिथून जातात तेवढ्या भागात पाईपभोवती काँक्रीट घाला. चर बुजवण्याआधी पाणी भरून सांधे बघा. मिस्त्री घाई करेल, ऐकू नका.

तुळजापूरवेस

मिस्त्री म्हणाला त्याला "नाही" म्हटलंत, दादा, फार बरं वाटलं वाचून. बहुतेक लोक रात्रीच उरकतात.

आम्ही काही वर्षं इंग्लंडात होतो, तिथे मोटरहोम वापरली आहे. तिथे कॅम्पसाईटवर संडासाच्या टाकीसाठी वेगळी जागा ठरलेली असते, साध्या पाण्याच्या मोरीत ती ओतणं लोकांना सहनच होत नाही. त्या अनुभवावरून दोन गोष्टी.

पहिली, औषध. टाकीत टाकायची ती निळी द्रव्यं असतात ना, त्यातल्या पुष्कळांत फॉर्मल्डिहाईड किंवा तसलंच जंतुनाशक असतं. वास थांबतो तो जंतू मरतात म्हणून. पण तुमची सेप्टिक टँक जंतूंवरच चालते. ९० लिटर औषधी पाणी आत गेलं की तिचं काम मंदावतं. एन्झाईमवालं किंवा जैविक औषध घ्या, डब्यावर सेप्टिक टँकला चालतं असं लिहिलेलं बघून. फिनेल, ॲसिड, ब्लीच यातलं काहीही गाडीच्या संडासात ओतू नका. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की बाई बादलीभर फिनेल ओततात, तेवढं घरात सांगून ठेवा.

दुसरी, व्हॉल्व. गाडी घरी जोडून ठेवली आणि पाहुणे आत राहिले की वाटतं, व्हॉल्व उघडाच ठेवू, आपोआप वाहून जाईल. संडासाच्या टाकीचा कधीही उघडा ठेवायचा नाही. पाणी निघून जातं, घट्ट भाग टाकीतच ढीग करून वाळतो, आणि आपल्या उन्हात तर दगड होतो. बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोरानं सगळं निघतं. आपण पाण्याने धुतो त्यामुळे टाकी लवकर भरते हे खरं, पण स्वच्छही निघते. संडासाची टाकी आधी, सिंक-अंघोळीची नंतर. मागून येणारं साबणाचं पाणी पाईप धुऊन काढतं. त्यासाठी ते थोडं राखून ठेवा.

ओले वाईप्स आत टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

सातरस्ता

इनलेटला ट्रॅप हवा का? माझा प्लंबर म्हणतो पी ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं वळण) लावल्याशिवाय वास येणारच.

खडी_मुरूम

माझं मत नको असं आहे. कमोडला स्वतःचा ट्रॅप असतो कारण तो रोज वापरात असतो, त्यातलं पाणी बदलत राहतं. हा इनलेट महिना महिना बंद राहणार. सोलापूरच्या उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी सुकायला किती वेळ लागतो? मग ट्रॅप असून नसल्यासारखा, आणि वर घट्ट मैल्याला अडथळा. त्यापेक्षा आट्यांचं, रबरी वॉशरचं पक्कं झाकण लावा. वापरात नसताना ते घट्ट बंद, गाडीचा पाईप जोडला की रबरी अडॅप्टरनं फट बंद. चेंबर आणि सेप्टिक टँकचा व्हेंट पाईप गच्चीच्या वर गेलेला आहे ना ते मात्र बघा. व्हेंट नसेल तर टाकी सोडताना कोंडलेली हवा घरातल्या कमोडमधून बुडबुडे काढत बाहेर येते.

इनलेटभोवती दोन-अडीच फुटांचा काँक्रीटचा चौथरा करा. इनलेटचं तोंड आजूबाजूच्या फरशीपेक्षा दोन-तीन सेंमी वर, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत जाणार नाही. पावसाळ्यात अंगणाचं पाणी सेप्टिक टँकेत शिरलं की गाळ उसळून बाहेर आलाच म्हणून समजा. थेंब सांडले तर धुता यावेत म्हणून चौथऱ्याला बाहेरून दोन इंची कठडा.

कोंतम चौक

मी सेप्टिक टँक उपसायच्या गाडीवर आहे. वर झाकणाचा विषय निघाला, तिथून सुरू करतो.

झाकण उघडल्यावर आधी सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाईडचा. थोड्या वेळानं वास येईनासा होतो. लोकांना वाटतं वायू गेला. वायू जात नाही, नाक बधिर होतं. वायू जास्त असला की नाक लगेचच काम सोडतं. आमच्या धंद्यात पोरं गेली ती अशीच. आधी एक उतरला, तो पडला, त्याला काढायला दुसरा उतरला. मोबाईल पडला, बादली पडली, पाईप अडकला, कशासाठीही कुणाला आत उतरवू नका. तुम्हीही वाकून बघू नका. काडी पेटवून तर नाहीच, आत मिथेनही असतो.

मालक सांगतात, "दोनशे रुपये जास्त घे, पण आत उतरून तळ साफ कर." २०१३ च्या कायद्यानं हे गुन्हा आहे, माणूस उतरवणाऱ्यावर कारवाई होते. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं गटारात-टाकीत माणूस गेला तर ३० लाख भरपाई सांगितली. पण पैशानं माणूस परत येत नाही. आमची गाडी पाईप टाकून वरूनच उपसते. गाडी हवी असेल तर १४४२० हा नंबर त्याच कामासाठी आहे.

भीमाकाठ आण्णा, तुमची टाकी शेवटची कधी उपसली? आमच्या बघण्यात दहा-दहा वर्षं न उपसलेल्या टाक्या आहेत, आत निम्म्याहून जास्त गाळ. अशा टाकीला मोटरहोम जोडली तर गाळ शोषखड्ड्यात जायला वेळ लागणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी उपसायलाच पाहिजे. जोडणीच्या आधी एकदा उपसून घ्या.

खडी_मुरूम

कोंतम चौक यांचा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर चिकटवावा असा आहे.

टाकीच्या क्षमतेचंही बघा. मानकात कमीत कमी १००० लिटर आणि पाण्याची खोली १ मीटर धरतात. घरातली पाच-सहा माणसं आणि वर एकदम ९० लिटर, एवढं नीट ठेवलेली टाकी सोसते. गाडीचा व्हॉल्व मात्र एका झटक्यात पूर्ण उघडला तरच गाडीची टाकी स्वच्छ निघते, त्यामुळे जोर अडवायचा नाही. एकाच दिवशी दोन्ही टाक्या, घरचं धुणं आणि पाहुण्यांच्या अंघोळी असं सगळं मात्र नको. अंघोळीच्या टाकीतलं पाईप धुण्यापुरतं सोडा, बाकीचं दुसरीकडे वळवा. आणि शोषखड्डा बोअर किंवा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. आपल्या खडकात भेगांतून पाणी कुठल्या कुठे जातं, तुमच्याबरोबर शेजाऱ्याचा बोअरही मोजा.

कर्दळ

"दुसरीकडे वळवा" साठीच आले. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं, तेही आपल्या नळाला काही दिवसांच्या अंतरानं. ते एकदा वापरून सेप्टिक टँकेत घालवायचं मनाला पटत नाही.

सिंक-अंघोळीच्या टाकीला गाडीत वेगळा व्हॉल्व आहे ना? मग त्याला साधा बागेचा पाईप जोडून कर्दळ, केळी, नारळ यांच्या आळ्यात सोडा. आमच्याकडे कर्दळीचा वाफा आहे, खाली खडी, वर वाळू, त्यात मोरीचं पाणी जातं, मे महिन्यातही पानं हिरवीगार असतात. मेथी-कोथिंबिरीला हे पाणी घालायचं नाही. साठवून ठेवू नका, एका दिवसात सडायला लागतं. काळ्या मातीत रोज एकाच जागी कपड्याच्या सोड्याचं पाणी सोडलं तर माती घट्ट होते, म्हणून जागा बदला.

सिंकमध्ये तेल जाऊ देऊ नका. शेंगाचटणीची ताटली आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. नाहीतर टाकीच्या भिंतीला तेलाचा थर बसतो आणि त्याचा वास संडासाच्या टाकीपेक्षा वाईट.

तुळजापूरवेस

कर्दळताई, अगदी. एक राहिलं होतं. पिण्याचं पाणी भरायचा पाईप आणि टाकी धुवायचा पाईप वेगळे ठेवा, रंगही वेगळे, ठेवायच्या जागाही वेगळ्या. टाकी धुवायचा पाईप घरच्या नळाला जोडून टाकीच्या आत बुडवून ठेवायचा नाही. आपल्याकडे पाणी जाऊन-येऊन असतं. पाणी गेलं की पाईप उलटं ओढतो, आणि टाकीतलं पाणी घरच्या नळाच्या लाईनीत येतं. पाईपाचं तोंड टाकीच्या तोंडापासून वीतभर वर धरा.

शेळगी

आमच्या बाजूला लाईन आहे. रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये थेट सोडलं तर? लाईन शेवटी देगाव-कुमठ्याच्या मलनिस्सारण केंद्राकडेच जाते ना.

खडी_मुरूम

रस्त्यावरचं झाकण उघडायचं नाही, कोंतम चौक यांनी लिहिलेलं तिथंही लागू. तुमच्या हद्दीतल्या शेवटच्या चेंबरात इनलेट घ्या, पुढची जोडणी आधीच मंजूर असते. नवी जोडणी लागणार असेल तर परवानाधारक प्लंबरमार्फत महापालिकेत अर्ज. आणि पावसाच्या पाण्याची गटार म्हणजे ड्रेनेज नव्हे, हे प्लंबरलाच विचारून खात्री करा. पावसाचं पाणी कुठल्याही केंद्राकडे जात नाही, ते ओढ्याला आणि तलावाला मिळतं.

भीमाकाठ

मंडळी, काम झालं. आधी टाकी उपसून घेतली, वरूनच, पाईपानं. मग चर. दीड फुटावरच मुरूम लागला, त्यामुळे खाली टणक जमीन मिळाली. टाईप बी पाईप, उतार ४० ला १, चाकांच्या जागी काँक्रीट. मिस्त्रीला व्हेंट पाईप दाखवायला गच्चीवर घेऊन गेलो तेव्हा टोकाची जाळी कावळ्यांच्या काड्यांनी भरलेली सापडली, ती साफ केली. चर उघडा असतानाच आधी गाडीच्या टाकीत नुसतं पाणी भरून सोडलं. चेंबरपाशी उभं राहून बघितलं, लोंढा आला, तळाला लागला आणि पुढे गेला. मागे काही थांबलं नाही. एक सांधा पाझरत होता, तो पुन्हा बसवला आणि मगच माती लोटली. गाडीचा पाईप मधे लोंबू नये म्हणून विटांवर एक सळईची घडवंची करून घेतली.

सिंकचं पाणी आता केळीला जातं. वडील सकाळी खुर्ची टाकून बसतात आणि पाणी कुठल्या आळ्यात सोडायचं ते सांगतात.

एक शंका. गल्लीत ड्रेनेज लाईन आली तर हे सगळं पुन्हा उकरावं लागेल का?

खडी_मुरूम

नाही. सेप्टिक टँकच्या आधीच्या त्या चेंबरातून नवी लाईन रस्त्याकडे काढायची, टाकीकडे जाणारं तोंड बंद करायचं. टाकी गाडी बोलावून पूर्ण उपसायची आणि वाळू-मुरमानं भरून टाकायची, रिकामी पोकळी अंगणात ठेवायची नाही. घराचा संडास आणि गाडीचा इनलेट दोन्ही त्याच चेंबरावर आहेत, त्यामुळे इनलेटच्या बाजूला कुदळ लावायची गरज नाही. फक्त आत्ताच त्या चेंबरचं माप आणि पाईपची दिशा भिंतीवर रंगानं लिहून ठेवा, पुढचा मिस्त्री दुसरा असेल.